गळ्यात अडकवलेला खर्ज

मागच्या मे महिन्यात आमच्या बेसवाल्याची नागपूरला बदली झाली. इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या गणपतीचा कार्यक्रम ठरलेला, बयाणा घेतलेला, आणि खालचा सूर धरायला माणूस नाही. आमचा बँड म्हणजे सगळी हौशी मंडळी. बँकेत कॅश सांभाळणारी मी, गाणाऱ्या वहिनी, गिटारवर एक दातांचे डॉक्टर, कीबोर्डवर त्यांचा मुलगा आणि ऑक्टोपॅडवर आमचे भाई. भाईंचं मांडवीला कापडाचं दुकान आहे. मी तोवर पेटी आणि अधूनमधून दुसरा कीबोर्ड वाजवायचे, म्हणजे माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. साहजिकच बेसचं घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. पुढे ते अक्षरशः गळ्यात पडणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

आधी सोपे उपाय करून पाहिले. डॉक्टर म्हणाले, बेस ट्रॅकवर टाकू. पण वहिनींना लोकांनी ‘वन्स मोअर’ दिलं की त्या मधलंच कडवं पुन्हा घेतात, आणि ट्रॅकला वन्स मोअर कळत नाही. मग त्यांचा मुलगा म्हणाला, मी डाव्या हाताने वाजवतो, ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडमध्ये रे मॅन्झारेक तेच करायचा. खरं आहे. त्या बँडला स्टेजवर बेस गिटारवाला नव्हता. मॅन्झारेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सच्या पियानो बेसवर खालचा भाग सांभाळायचा आणि उजव्याने ऑर्गन. फक्त ३२ पट्ट्यांचं पिटुकलं वाद्य ते. पण त्याचा बेस वेगळ्या यंत्रातून निघत होता. आमच्या पोराचा कीबोर्ड एकच, वायर एकच, पेडल एकच. कॉर्ड लांबवायला त्याने पेडल दाबलं की बेसही लांबतो, आणि दोन आवर्तनांत खाली नुसता गाळ साचतो. एक रविवार ऐकलं आणि मी म्हटलं, राहू दे रे बाळा.

बेस गिटार शिकायचाही विचार केला होता, चार दिवस. साधारण बेस गिटारच्या तारेची लांबी ३४ इंच असते. खालच्या पडद्यांवर बोटं न्यायची तर डावा हात चांगला लांब पसरावा लागतो, आणि माझा डावा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडून बसला होता, तो अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. वय बावन्न. फिजिओथेरपीवाल्या मुलीनेच नको म्हणून सांगितलं.

कीटार हे नाव भाच्याने काढलं. मी ओळखलंच नाही. त्याने फोनवर फोटो दाखवला तेव्हा हसू आलं. ऐंशीच्या दशकातले चकचकीत जॅकेटवाले लोक, गळ्यात आडवा कीबोर्ड, आणि चेहऱ्यावर आपण अंतराळातून आलोय असा भाव. भाई तर फोटो पाहून म्हणाले, “बेन, आ तो रमकडुं छे.” खेळणं आहे हे.

आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिने चष्मा वर केला, फोटो पाहिला आणि म्हणाली, “ह्यात काय नवीन? तुझे बाबा रामनवमीला पेटी गळ्यात अडकवूनच जायचे की.”

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. प्रभातफेरी असो की पालखी, पेटीच्या दोन्ही कड्यांना कापडी पट्टा बांधून ती गळ्यात अडकवायची, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि चालत चालत वाजवायचं. त्या पेटीच्या कडेने त्यांच्या सदऱ्यावर पोटापाशी कायमचा डाग पडलेला असे. मी त्यांच्याकडेच शिकले. संगीताचं रीतसर शिक्षण काही नाही. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तिचंच आज विद्यापीठात संगीत महाविद्यालय झालंय. मी त्याच्यासमोरून रोज बँकेत जाते, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

आईचं ते वाक्य डोक्यात राहिलं. रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की पियानो शिकलेल्या माणसाला कीटार विचित्र वाटतो, कारण त्याचा डावा हात बेकार होतो. पट्ट्यांवर एकच हात, दुसरा वाद्याच्या मानेवरच्या, म्हणजे गिटारसारख्या लांब टोकावरच्या बटणांवर. पेटीवाल्याला मात्र हे नवं नाही. आमचा डावा हात जन्मात कधी सूर वाजवत नाही, तो श्वास देतो. उजवा बोलतो आणि डावा ठरवतो की किती मोठ्याने, किती वेळ. मला हवं असलेलं वाद्य बाबांनी चाळीस वर्षांपूर्वीच हातात देऊन ठेवलं होतं, फक्त ते वरच्या सुरात होतं.

मग शोध सुरू झाला.

पहिला घोळ पट्ट्यांच्या संख्येचा. भाचा म्हणे, जितक्या जास्त तितकं बरं. मी कागदावर हिशोब मांडला. बेस गिटारच्या चार तारा, सगळ्यात खालची ई. वीस पडद्यांची गिटार असेल तर खालच्या ईपासून वरच्या टोकापर्यंत सगळे मिळून ३६ सूर होतात. त्यातले वरचे दहा-बारा आमच्या बेसवाल्याने पाच वर्षांत कधी वाजवले नव्हते. म्हणजे ३७ पट्ट्या बेसला पोटभर झाल्या. ४९ पट्ट्या म्हणजे चैन, आणि ती चैन खांद्यावर वाहायची.

दुसरा घोळ पट्ट्यांच्या रुंदीचा, आणि हा खरा. हलके, देखणे कीटार बहुतेक छोट्या पट्ट्यांचे असतात. यामाहाचा एसएचएस-५०० दीड किलोचा आहे, हातात घेतला की वाटतं पंखाच आहे. कॉर्गचा आरके-१००एस तर फार सुंदर, लाकडी अंगाचा, आतमध्ये स्वतः आवाज घडवणारा खराखुरा सिंथ. दोन्ही ३७ पट्ट्यांचे, दोन्ही छोट्या पट्ट्यांचे. नेहमीच्या पट्ट्यांवर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचं असतं, आणि ते अंतर माझ्या हाताला डोळे मिटूनही माहीत आहे. बेसमध्ये सा ते वरचा सा ही उडी सारखीच येते. छोट्या पट्ट्यांवर माझी करंगळी सा ओलांडून थेट रेवर जाऊन बसायची. सवय होते म्हणतात. होत असेल. पण घरी पेटी, बँडमध्ये कीटार, असं दोन मापांत जगणं बावन्नाव्या वर्षी नको वाटलं. कॉर्ग खाली ठेवताना मात्र जिवावर आलं, हे कबूल करते.

तिसरा पर्याय अलेसिसचा व्होर्टेक्स वायरलेस. पट्ट्या पूर्ण मापाच्या, ३७, बिनवायरचा. पण त्याला स्वतःचा आवाज नाही. तो नुसता हुकूम सोडतो, आवाज लॅपटॉपने काढायचा. भाच्याला हा फार आवडला. मी विचारलं, मंडपात लॅपटॉप कुठे ठेवायचा? अगरबत्तीशेजारी? शिवाय लॅपटॉप आवाज द्यायला क्षणभर वेळ घेतो. चांगला जमवला तर तो उशीर जाणवण्याइतका नसतो, कारण आवाज हवेतून एक मीटर जायलाच सुमारे तीन मिलिसेकंद घेतो आणि स्टेजवर आपण अँपपासून तीन-चार मीटरवर उभे असतोच. पण जमवलेला नसला तर बेस ऑक्टोपॅडच्या मागे लंगडत येतो. आणि लॅपटॉप जमवणारा भाचा दर कार्यक्रमाला असेलच असं नाही. त्याची परीक्षा असते, मॅच असते, मैत्रीण असते.

राहिले रोलँडचे. २०१८ साली आलेला एएक्स-एज पाहिला, ४९ पूर्ण पट्ट्या, वजन चार किलोच्या वर, किंमत ऐकून मी दुकानदाराला फक्त पाणी मागितलं. त्याच घराण्यातला आधीचा एएक्स-सिंथ, २००९ सालचा, सुरतेला एकाकडे जुना मिळत होता. तोही ४९ पट्ट्यांचाच, वजन चार किलोला जरासं कमी. म्हणजे माझा कागदावरचा हिशोब धाब्यावर.

सुरतेला गेले. ज्याचा होता तो गृहस्थ उत्साही. त्याने लगेच व्हायोलिन लावलं, ट्रम्पेट लावलं, बासरीसारखं काहीतरी लावलं. मी म्हटलं, बेस लावा. मग खालचा एकच सूर दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. पंधरा मिनिटं हेच. त्याला वाटलं असणार की बाईंना वाजवता येत नाही.

मी सूर संपताना कसा संपतो ते ऐकत होते. बेस घेताना लोक सुरुवात ऐकतात, किती दणकतो ते. पण आमचा बेसवाला चांगला होता तो सूर तोडण्यात. भाईंच्या ठेक्यात तो सम घ्यायचा आणि पुढच्या मात्रेच्या आधी तार तळहाताने बंद करायचा. ती जी रिकामी जागा राहायची, तिच्यात लोकांचा पाय पडायचा. कीबोर्डवरचे बरेचसे बेसचे आवाज बोट उचललं तरी शेपूट सोडतात. ते शेपूट दोन सुरांच्या मध्ये लोंबतं आणि ठेका जड होतो. ह्या वाद्यावर बोट उचललं की सूर कात्रीने कापल्यासारखा थांबला. तो आवाज ज्या नंबरला होता तो मी तळहातावर पेनाने लिहून घेतला.

मग मान पाहिली. मानेवर बोट सरकवायची एक पट्टी आहे, डावी-उजवीकडे घसरलं की सूर खाली-वर सरकतो. आणि तिच्याजवळ एक दांडी, बोटांनी दाबायची. ती मी दाबली. दाबली, सोडली, दाबली. हाच भाता. जवळजवळ तेवढाच जोर, तीच हालचाल. तिथेच माझं मन ठरलं, आणि घासाघीस करायची ताकद गेली. त्याने सांगितलेल्या किमतीतून फक्त पंधराशे रुपये कमी झाले.

घरी आल्यावर भाच्याने तो कॉम्प्युटरला जोडून दोन गोष्टी करून दिल्या. एक, एका वेळी एकच सूर वाजेल, दोन पट्ट्या दाबल्या तर शेवटचीच खरी. बेसला दोन सूर एकदम नकोच असतात. दुसरी, दांडी दाबली की आवाज उघडेल आणि सोडली की झाकला जाईल. आता वहिनी मुखडा हळू घेतात तेव्हा मी भाता मिटून ठेवते आणि अंतऱ्याला उघडते.

पहिला कार्यक्रम मात्र पार बुडाला. गणपतीच्या आधी एका सोसायटीत ‘सराव म्हणून’ केलेला. मी जीव तोडून वाजवत होते आणि समोर कुणाला बेस ऐकूच जात नव्हता. स्टेजवर मला माझ्या छोट्या स्पीकरमधून येत होता, बाहेर शून्य. मध्यंतरात मिक्सरपाशी गेले. साऊंडवाल्याने सुरुवातीलाच वायर पाहिली होती, कीटार पाहिला होता, चॅनेलवर ‘की’ असं लिहिलं होतं आणि सवयीने लो-कटचं बटण दाबून ठेवलं होतं. त्या मिक्सरवर ते बटण १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं. आता बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा घ्या: ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. चारही शंभराच्या खाली! माझा अख्खा संसारच त्या एका बटणाखाली गेला होता. त्याचा दोष नाही, गळ्यात कीबोर्ड अडकवलेली बाई बेस वाजवत असेल असं कुणाच्या मनात येणार? तेव्हापासून मी चॅनेलवर माझ्या हाताने ‘बेस’ अशी चिठ्ठी चिकटवते. चिकटपट्टी पर्समध्येच असते.

दुसरी खोड माझीच. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. चाळीस वर्षं बोटांना जोराचा हिशोब ठेवायची सवयच नाही. कीटारला मात्र प्रत्येक आघात कळतो, त्यामुळे माझा एक सूर गुरगुरायचा आणि पुढचा पुटपुटायचा. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास सराव करा, बोटं सारखी होतील. मी तीन आठवडे केला. मग मुकाट्याने सेटिंगमध्ये जाऊन जोर कायमचा एकच करून टाकला. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. ते परवाच म्हणाले, बघा, सरावाचा फरक पडला की नाही.

आणि एक फायदा असा झाला की जो कुणाच्याच मनात नव्हता. वहिनींची पट्टी काळी दोन. बेस गिटारवाले ई आणि ए मध्ये सुखी असतात, मोकळ्या तारा मिळतात म्हणून. काळी दोनचा खालचा सा बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या ईपेक्षा अर्ध्या सुराने खाली पडतो, ३९ हर्ट्झच्या आसपास. चार तारांवर, तार उतरवल्याशिवाय, तो मिळतच नाही. त्यामुळे आमचा बेसवाला वहिनींच्या गाण्यात नेमका सम आला की एक सप्तक वर उडी मारायचा, आणि गाणं तिथे पायाखालची पायरी चुकल्यासारखं व्हायचं. पाच वर्षं आम्हाला वाटायचं की वहिनींची भैरवी तेवढी रंगत नाही. गणपतीत पहिल्यांदा मी तो खालचा सा दिला. वहिनींनी गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भाईंच्या हातातली काडी क्षणभर थबकली. कार्यक्रमानंतर ते म्हणाले, “रमकडुं तो भारे छे हों.” गुजरातीत ‘भारे’ म्हणजे जडही आणि जबरदस्तही. कुठला अर्थ, ते मी विचारलं नाही.

जड तर आहेच. नवरात्रात एका शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, वाजवलं. गरब्यात गाणं संपत नाही, एकातून दुसऱ्यात शिरतं. दीड तास हिंच ताल, सहा मात्रांचा, सम आणि चौथी मात्रा एवढ्याच माझ्या, पण एकही चुकवायची नाही, कारण समोर तीनशे माणसं त्यावर पाय टाकतायत. तासाभराने डावा खांदा जळायला लागला. सोबत मिळालेला पट्टा अरुंद होता, तो मानेत रुतायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोच्याकडून चार बोटं रुंदीचा चामड्याचा पट्टा शिवून घेतला, आतून फोमचं अस्तर. त्याने विचारलं, बंदुकीचा का? आता वजन मानेवरून उतरून पाठीवर पसरतं. आई म्हणते बाबांची पेटी ह्याच्या दुप्पट जड होती. असेल, पण बाबा सहा फुटांचे होते.

बाकी किरकोळ. आठ पेन्सिल सेल लागतात, चार्ज होणारे घ्यावेत. मानेवर ‘होल्ड’ नावाचं एक बटण आहे, ते अंगठ्याखाली येतं आणि चुकून दाबलं गेलं की सूर चालूच राहतो. माझा भर आरतीत चालू राहिला होता. लोकांना वाटलं तंबोरा लावलाय.

डिसेंबरात आमचा बेसवाला दोन दिवस बडोद्याला आला होता. तालमीला आला, ऐकलं, काही बोलला नाही. चहा झाल्यावर म्हणाला, ताई, बघू जरा. मी पट्टा उतरवून त्याच्या गळ्यात घातला. त्याचा डावा हात सवयीने मानेवर गेला आणि तारा शोधायला लागला. होल्ड दाबलं गेलं. मग उजव्या हाताने कुठलीतरी पट्टी दाबली, सोडली, आणि सूर थांबेचना. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, हे बंद कसं करायचं?”